फिल्म एक नंबर, पण टाईट्स कुठायत? अंधेरीच्या एका शूटवाल्या टीमचा रिव्ह्यू

आधीच सांगते, टीमचं नाव लिहिणार नाहीये. पोरं वाईट नाहीत, वयाने लहान आहेत, आणि माझी हार्डडिस्क अजून त्यांच्याकडेच पडलीय. शिवाय अंधेरी पश्चिमेला अशा टीम प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन तरी आहेत, त्यामुळे तुम्ही यांच्याकडे जा नाहीतर शेजारच्यांकडे, अनुभव साधारण असाच येणार असं मला वाटतं.

तर मी आणि माझी वहिनी मिळून ॲक्टिव्हवेअरचा छोटासा धंदा करतो. लोअर परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, दोन फ्लॅटलॉक, एक ओव्हरलॉक, एक साधी मशीन आणि शिवायला तीन ताई. टाईट्स, स्पोर्ट्स ब्रा, रेसरबॅक टॉप, एक हलकं जॅकेट, बास एवढंच. तीन वर्षं फोटो आम्हीच काढले, गच्चीवर, वहिनीच्या भाचीला पाण्याच्या टाकीसमोर उभं करून, आणि खरं सांगायचं तर चाललं होतं बरं. पण यंदा नवीन कलेक्शन आलं आणि दोघींच्या डोक्यात किडा शिरला की आपली पण एक मिनिटाची फॅशन फिल्म पाहिजे. म्हणजे ती असते ना, स्लो मोशनमध्ये केस उडतात, कोणी काही बोलत नाही, शेवटी लोगो येतो.

ओळखीतून या टीमचा नंबर मिळाला. पहिली मीटिंग त्यांच्या ऑफिसात, म्हणजे वन बीएचके फ्लॅटच्या हॉलमध्ये, एसी फुल, बीनबॅग, भिंतीवर एलईडी. डायरेक्टर पंचवीस-सव्वीसचा असेल, मला सारखा मॅम मॅम करत होता, मी म्हटलं अरे ताई म्हण, तर लाजला आणि परत मॅमच म्हणाला. त्याने विचारलं, "मॅम, फॅब्रिकमें स्पेशल क्या है?" आता हा प्रश्न मला विचारायचा नसतो. मी स्पँडेक्स, म्हणजे तो ताणला जाणारा धागा, १९५८ साली ड्यूपॉन्टमध्ये शोधलं गेलं तिथपासून सुरू झाले, मग नायलॉन का आणि पॉलिस्टर का नाही, मग आमचं कापड २६० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २६० ग्रॅम वजनाचं आहे आणि चारी बाजूंना ताणलं जातं, खाली बसलं तरी आरपार दिसत नाही, असं सगळं. वहिनीने टेबलाखालून चिमटा काढला तेव्हा थांबले. डायरेक्टरने वहीत एकच शब्द लिहिला होता, स्ट्रेची.

मी तेव्हाच उठायला हवं होतं, असं वहिनी आता म्हणते. तेव्हा मात्र त्यांची जुनी कामं बघून तीच जास्त हरखली होती, हेही लिहून ठेवते.

कोटेशन ८५,००० चं. त्यात एक दिवसाचं शूट, एक ६० सेकंदांची मेन फिल्म, १५ सेकंदांची तीन रील्स आणि दोन वेळा करेक्शन. खाली बारीक अक्षरात प्लस जीएसटी, म्हणजे १८ टक्क्यांचे १५,३०० आणखी. माझ्यासारखं कोणी पहिल्यांदा शूट करून घेत असेल तर तो प्लस आधी वाचा, मी कोटेशन उघडलं की डोळा थेट आकड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

मूडबोर्ड, म्हणजे फिल्म कशी दिसेल ते दाखवायला जमवलेले नमुन्याचे फोटो, मात्र सुंदर होता. तीस-चाळीस फोटो, सगळे परदेशातले, उंच बायका, करडे रस्ते, धुकं. मी विचारलं यात मुंबई कुठाय, तर म्हणाला मॅम मरीन ड्राइव्ह. पहिलाच शॉट काय, तर मुलगी पळतेय, मागे समुद्र, आणि समुद्रातून वर येणारा सूर्य, मुलगी पूर्ण काळी आकृती. दिसायला काय भारी! आम्ही दोघी माना डोलावल्या. दोघी जन्मापासून मुंबईत, मी तर गिरगावात वाढलेली, आणि दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही की अगं बाई, आपल्याकडे समुद्र पश्चिमेला आहे, मरीन ड्राइव्हला सूर्य समुद्रात बुडतो, उगवत नाही. तीन पोरं अंधेरीची, दोन बायका मुंबईच्या, आणि पाचही जण गाढव. रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, कोणी गेलंच नव्हतं ना. रेकी कोटेशनमध्ये होती पण ती त्यांनी गुगल मॅपवर केली.

मॉडेलवरून थोडं वाजलं. त्यांच्या डोक्यात जिममधली मुलगी होती, मला खेळाडू पाहिजे होती. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० असं हरवलं, कॅप्टन आपली प्रियांका इंगळे, ते घरी सगळ्यांनी टीव्हीला चिकटून बघितलं होतं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच होतं की पुढचं काही केलं तर त्यात खो-खो असणार. मी स्वतः लहानपणी शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबाला जायचे, दोन वर्षंच, पण त्या दोन वर्षांत एक कळलं की अंग वापरणारी बाई कपडा वेगळ्याच ठिकाणी ओढते. म्हणजे जिममध्ये आरशासमोर बाई टॉप खाली ओढते, खेळणारी कंबरपट्टा वर ओढते. डायरेक्टरला मल्लखांबाचा व्हिडिओ दाखवला तर म्हणे, "ओह, पोल जैसा." मी विषय बदलला. शेवटी ओळखीच्या एका क्लबमधून एक खो-खो खेळणारी मुलगी मिळाली, कॉलेजला आहे, तिचं मानधन १०,००० ठरलं, आणि तिच्या आईची अट एकच, संध्याकाळी सातच्या आत घरी.

शूटचा दिवस फेब्रुवारीतला. कॉल टाइम पहाटे पाच, मरीन ड्राइव्ह. आम्ही पावणेपाचला टेम्पो, इस्त्री, चोवीस कपडे आणि डब्यात पोहे घेऊन हजर, टीम आली पाच पन्नासला. असो, मुंबई आहे, होतं. साडेसहाला उजाडायला लागलं, डायरेक्टर समुद्राकडे तोंड करून उभा. पावणेसात. सात. समुद्र नुसता राखाडी, सपाट, ताटात ओतलेल्या पिठल्यासारखा. तेवढ्यात फिरायला आलेले एक आजोबा थांबले, कॅमेरा बघितला, पोरं बघितली, आणि म्हणाले, "सूर्य पाहिजे का? तो तिकडून येतो," आणि काठीने आमच्या पाठीमागच्या बिल्डिंगा दाखवल्या. त्या बिल्डिंगा म्हणजे त्या आर्ट डेकोवाल्या, ज्या २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या, आणि त्यांच्या मागून ऊन फूटपाथवर पडायला आठ-सव्वाआठ होतात.

इथे मात्र कॅमेरावाल्या दादाला फुल मार्क. तो एकदाही ओरडला नाही, वैतागला नाही. म्हणाला, "ताई, ऊन नाही तेच बरंय, काळ्या कपड्याला हाच लाईट." आणि त्याने त्या पाऊण तासाच्या मऊ उजेडात मुलीला पळवली, बसवली, बूट बांधायला लावले, आणि काळ्या टाईट्सची प्रत्येक शिवण, अक्षरशः आमच्या फ्लॅटलॉकचा टाका न् टाका दिसतोय त्यात. काळा रंग उन्हात नुसता भोकासारखा दिसतो, फ्रेममध्ये कोणी पायाच्या आकाराचं छिद्र पाडल्यासारखा, हे मला त्या दिवशी कळलं. फिल्ममधले माझे सगळ्यात आवडते चार शॉट हे चुकलेल्या सूर्योदयातले आहेत.

मग ऊन आलं आणि दोन गोष्टी झाल्या. एक, ट्रायपॉड उघडला आणि पाच मिनिटांत हवालदार आले. हातात मोबाईल घेऊन तुम्ही दिवसभर रील काढा, कोणी बघत नाही, पण ट्रायपॉडचे तीन पाय जमिनीला लागले की तुम्ही शूटिंग झालात. परवानगीचा कागद? कागद नव्हता. आमच्या टीमने "मॅम, हो जायेगा" या भरवशावर काढलाच नव्हता. हवालदार शांतपणे बोलले, बाई आवरा आता, आणि चूक आमचीच असल्यामुळे आम्ही आवरलं. वर हाच डायरेक्टर मला टेम्पोत बसल्यावर विचारतो की लेडीज डब्यात पटकन एक गुपचूप शॉट मारू का, आणि त्याआधी ड्रोन आणणार होता, मुंबईत! मी दोन्हीला नाही म्हटलं, जरा मोठ्या आवाजात.

दुसरी गोष्ट जास्त इंटरेस्टिंग, आणि कपड्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ही ऐकून ठेवा. कडक उन्हात कॅमेऱ्याला उजेड जास्त होतो म्हणून भिंगावर गडद काच लावतात, एनडी फिल्टर म्हणतात. यांच्याकडे भाड्याने आणलेला सोनीचा एफएक्स थ्री कॅमेरा होता, त्यात आतमध्ये एनडी नसतो, म्हणून वरून स्क्रूवाला लावला, आणि तो स्वस्तातला असणार. मॉनिटरवर बघते तर आमच्या काळ्या टाईट्स चॉकलेटी! म्हणजे पाय चॉकलेटी-लालसर आणि कंबरपट्टा काळाच, कारण पट्ट्याचं कापड वेगळ्या लॉटचं, रंगवणारा वेगळा. डोळ्यांना दोन्ही एकसारखे काळे दिसतात. कॅमेरावाल्या दादाने सांगितलं की साधा फिल्टर डोळ्यांना दिसणारा उजेड अडवतो पण इन्फ्रारेड आत सोडतो, आणि सिंथेटिक काळं कापड ते इन्फ्रारेड परत फेकतं, म्हणून काळा असा फुटतो. इन्फ्रारेड पण अडवणारी काच लावली की हे होत नाही, पण ती त्या दिवशी बॅगेत नव्हती. वहिनी तर घाबरून गेली, तिला वाटलं आपला डाय गेला, तिने तिथेच फूटपाथवर टाईट्स पाण्याने घासून बघितल्या. नंतर एडिटमध्ये रंग नीट करताना त्यांनी ते बरंचसं सुधारलं, तरी एका शॉटमध्ये अजूनही डावी मांडी किंचित कॉफी आहे. तुम्हाला दिसणार नाही, मला दुसरं काही दिसत नाही.

मेकअपवाल्या मुलीचं एक सांगायचं राहिलं. घाम पाहिजे होता. आता आठ वाजता फेब्रुवारीत मुलगी घामेजत नाही, म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून स्प्रे मारतात, ही जुनी पद्धत आहे, कातडीवर थेंब मस्त टिकतात. पण तिने खांद्यावर मारता मारता करड्या टॉपवर पण मारला. पाणी वाळतं हो, ग्लिसरीन वाळत नाही. त्या मापाचा करडा टॉप एकच होता, सँपल पीस. छातीवर तेलकट नकाशा. धुतल्यावर निघाला पूर्ण, पण तो दिवस गेला आणि फिल्ममध्ये करडा रंग नाहीच, आणि दुकानात नेमका करडाच सगळ्यात जास्त विकला जातो.

दहा वाजता आमच्या गाळ्यात. इथे मशीनवर टाईट्स शिवल्या जातायत असा शॉट हवा होता. ट्यूबलाईट चालू, स्लो मोशन सेकंदाला १२० फ्रेमवर, आणि मॉनिटरवर सगळा गाळा लुकलुकतोय, गणपतीतल्या माळेसारखा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरची ट्यूब सेकंदाला शंभरदा फडफडते, १२० फ्रेमशी ते जुळत नाही. दादाने १०० फ्रेम केल्या, लुकलुक गेली. दोन मिनिटांचं काम. आमच्या शिवणाऱ्या ताईंपैकी एक जण मात्र कॅमेरा समोर आल्यावर इतकी ताठ बसली की तिने आयुष्यात पहिल्यांदा वाकडी शिवण मारली. तो पीस तिनेच घरी नेला, मुलीसाठी.

आता खो-खो. दुपारी चार नंतर परळच्या एका मैदानात, क्लबची परवानगी होती, तीही मीच काढलेली. लाल माती, दोन खांब, मधल्या पाटीत आठ मुली आलटून पालटून इकडे तिकडे तोंड करून बसलेल्या. डायरेक्टर म्हणाला, ती नुसती पळेल आणि मग कॅमेऱ्याकडे बघून हसेल. पोरीने एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा मला हळूच म्हणाली, "ताई, अशी कोण पळतं? मागे कोणी नाहीये माझ्या." मी डायरेक्टरला म्हटलं तू चहा पी, आणि मुलींना म्हटलं खेळा.

मग जे झालं ते झालं. धूळ उडाली, खो खो खो चा नुसता कालवा, कॅमेरावाला दादा गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, घेऊन पाटीच्या कडेने पळतोय, एकदा पडला पण कॅमेरा वर धरून पडला, आणि आमच्या पोरीने पळणाऱ्या मुलीला बाद करायला खांबावरून सूर मारला. एका हाताने खांब, सगळं अंग आडवं हवेत, दुसरा हात पुढे. १०० फ्रेमला. तो शॉट फिल्ममध्ये चार सेकंद आहे आणि मी तो किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. गुडघा मातीला घासत जातो, कापड ताणतं, पांढरं पडत नाही, परत जागेवर येतं. मी मीटिंगमध्ये वीस मिनिटं बडबडले ते सगळं त्या चार सेकंदांत आहे.

आणि त्याच फुटेजमध्ये माझी वाट लागली. बसलेल्या मुलींची पोज बघितलीय का तुम्ही, खो मिळायच्या आधीची? एक पाय पुढे, एक मागे, हात जमिनीला, कुठल्याही क्षणी सुटायच्या बेतात. त्या पोजमधून उठताना आमचा कंबरपट्टा मागून गोल वळतो. साध्या डोळ्यांना अर्धा सेकंद, दिसत नाही. स्लो मोशनमध्ये स्वच्छ दिसतं, पट्टा दुमडला, पोरीचा अंगठा गेला, पट्टा वर ओढला, मग ती पळाली. दर वेळी. तिला विचारलं तर म्हणे, "सगळ्याच टाईट्सचं असं होतं ताई, सवय असते." तिच्या त्या सवय असते ने मला दोन रात्री झोप लागली नाही. डायरेक्टर म्हणाला मॅम एडिटमध्ये काढून टाकू. फिल्ममधून काढलं त्यांनी. कपड्यातून आम्ही काढलं, पट्टा एका इंचाने रुंद केला आणि आत इलॅस्टिकची दुसरी पट्टी टाकली, पुढच्या लॉटपासून. या एका गोष्टीचे पैसे मी टीमला वेगळे द्यायला हवेत खरं तर, पण त्यांना सांगू नका.

अर्थात साडेसहाला उजेड गेला, त्यांचा एक शॉट राहिला होता, आणि शिफ्ट संपून अर्धी शिफ्ट वर गेली, तिचे ९,००० अधिक जीएसटी. उशिरा कोण आलं होतं पहाटे? असो. पोरीला पावणेसातला टॅक्सीत बसवलं, आईला शब्द दिला होता.

दहा दिवसांनी पहिला कट आला. आम्ही दोघींनी गाळ्यात लॅपटॉपवर लावला, शिवणाऱ्या ताईपण आल्या बघायला. संपल्यावर सगळ्या गप्प. मग वहिनी म्हणाली, "छान आहे गं." मग आमच्यातली सगळ्यात जुनी ताई म्हणाली, "छान आहे. पण आपण काय विकतो ते कुठाय?"

मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून परत बघितलं. ६० सेकंद. टाईट्स स्पष्ट दिसतात ११ सेकंद. चेहरा १९. समुद्र, आकाश, खांबाची सावली आणि एक कावळा मिळून १४. उरलेले १६ सेकंद नुसतं धूसर, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना ते झूम करून पुसतात ना, ते. कावळ्याला तीन सेकंद! कावळा आमचा नाही, कावळ्याने काही घातलेलं नाही. हे आकडे मी जसेच्या तसे डायरेक्टरला पाठवले. त्याने आधी लिहिलं की मॅम हे एस्थेटिक आहे, फॅशन फिल्ममध्ये फील विकतात, प्रॉडक्ट नाही. मी लिहिलं की बाळा, फील मोठ्या कंपन्यांनी विकावा, त्यांच्या टाईट्स मॉलमध्ये हात लावून बघता येतात, आमच्या येत नाहीत, आमच्या गिऱ्हाइकाला जे काही हाताला लागायचं ते याच मिनिटात डोळ्यांना लागलं पाहिजे. हे मात्र त्याला पटलं असावं. दुसरा कट ५० सेकंदांचा, टाईट्स ३१ सेकंद, शिवण, खिसा, सूर, सगळं आलं. आणि फील गेला नाही, उलट वाढला असं माझं मत. कावळा ठेवला, एक सेकंद, तडजोड म्हणून.

रील्सचा घोळ वेगळा. सगळं शूट आडवं, आणि रील उभी ९:१६ ची. आडव्यातून उभं कापलं की मुलगी राहते पण सूर मारलेला हात जातो, किंवा हात राहतो आणि पाय जातात, म्हणजे पाय! टाईट्सच्या रीलमध्ये! फोर के शूट केलं असल्यामुळे कापूनही क्लॅरिटी राहते हे खरं, १२१५ पिक्सेल रुंदी मिळते आणि रीलला १०८० लागते, पण फ्रेमच आडवी विचार करून लावली असेल तर पिक्सेल काय करणार. मॉनिटरवर उभ्या चौकटीच्या दोन रेघा आखून शूट करायचं एवढंच होतं. शूटच्या आधी हे मी विचारायला हवं होतं, त्यांनी सांगायला हवं होतं, दोघांनीही केलं नाही.

म्युझिकचं ऐका. पहिल्या कटवर त्यांनी एक गाजलेलं इंग्लिश गाणं टाकलेलं, म्हटलं हे चालतं का? म्हणे चालतं मॅम, सगळे टाकतात. चालत नाही हो. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला ती गाण्यांची लायब्ररी पूर्ण मिळतच नाही, आणि बाहेरून चिकटवलं तर व्हिडिओ म्यूट होतो नाहीतर उडतो. मग वहिनीच्या माहेरचा एक पोरगा आहे, हलगी वाजवतो, त्याला ८,००० देऊन दोन तास स्टुडिओत बसवलं. नुसती हलगी आणि मुलींचा खो. कानात हेडफोन लावून ऐका, पोरगी सूर मारायच्या आधी हलगी एकदम थांबते आणि फक्त मातीचा आवाज येतो.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: टीमचे १,००,३००, पोरीचे १०,०००, टेम्पो आणि जेवणखाण ६,५००, वरच्या अर्ध्या शिफ्टचे जीएसटी धरून १०,६२०, हलगी ८,०००. झाले १,३५,४२०. कोटेशन होतं ८५,००० चं, हे ध्यानात असू द्या. फिल्म टाकल्यावर पहिल्या आठवड्यात ४१ ऑर्डर आल्या, एरवी पंधरा-वीस येतात. पैसे वसूल झालेत का? नाही अजून. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मेसेज आले ते मेन फिल्मवर नाहीत, खिशाच्या रीलवर. पंधरा सेकंद, टाईट्सच्या बाजूच्या खिशात मोबाईल आणि लोकलचा पास, पोरगी जिना उतरते, पळते, उडी मारते, मोबाईल हलत नाही. संपलं. बायकांना खिसा पाहिजे, बाकी सगळं नंतर, हे गेली तीन वर्षं मला वहिनी सांगतेय.

कोणाला पाठवीन मी या टीमकडे? ज्याला आपला माल माहितीये आणि सेटवर उभं राहून नाही म्हणता येतं, त्याने खुशाल जावं. कॅमेरा पाचपैकी पाच, तो दादा जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जा. प्लॅनिंगला दीड. एडिट पहिलं दोन, दुसरं चार. वागणूक चांगली, कोणी आवाज चढवला नाही, मुलींशी नीट बोलले, मैदानावर सगळ्या खेळणाऱ्या पोरींना त्यांनी स्वतःच्या पैशाने ऊसाचा रस पाजला, हे मी विसरणार नाही. पण परवानगी, रेकी, फिल्टर, उभी फ्रेम हे सगळं लिहून विचारा, तोंडी विचारलं की हो जायेगा येतं.

आणि करार वाचा. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो, पण वेगळा करार नसेल तर. आमचा होता, पान दोन, खालून तिसरी ओळ, रॉ फुटेज, म्हणजे न कापलेलं सगळं शूट, हवं असेल तर वेगळे १५,०००. मला ते फुटेज हवंच होतं, कंबरपट्ट्यासाठी, सगळ्या मापांवर कुठे दुमडतो ते बघायला. भांडून नाही, चहा पाजून मिटवलं, हार्डडिस्क तुमची आणा मॅम, कॉपी फुकट. आणून दिली, त्याला तीन आठवडे झाले. आज फोन केला तर म्हणे कॉपी लावलीय, नव्वद टक्के झालीय. मागच्या सोमवारी पण नव्वदच होती. शनिवारी मी आणि वहिनी दुपारची चर्चगेट-बोरिवली पकडून स्वतः जातोय, डबा घेऊन, कॉपी होईपर्यंत त्या बीनबॅगवर बसायला.